पाचव्या पिसाचा रंग

काकांना कुठलीही नक्षी दाखवा, चांगली झालीय की वाईट ते सांगायचेच नाहीत. चष्मा कपाळावर चढवायचे, कापड हातभर लांब धरायचे आणि विचारायचे, "उजेड कुठून येतोय?" फुलपाखरू असो, परी असो, नाहीतर कुणी हौसेनं भरलेला गणपती असो, प्रश्न एकच. पहिल्याच दिवशी मला विचारलं तेव्हा मी फटकन म्हणाले, "खिडकीतून." क्लासातल्या बायका फिसकन हसल्या. काका हसले नाहीत.

"खोलीतला नाही गं, कापडातला. काळं कापड म्हणजे अंधार. अंधारात तुझा हा ससा दिसतोय ना? मग कुठूनतरी त्याच्यावर उजेड पडत असणार. तो कुठून पडतोय ते आधी ठरव, मग दोऱ्याला हात लाव."

मी मनात म्हटलं, झालं, वेड्याच्या तावडीत सापडले.

मी मूळची नामपूरकडची. लग्न होऊन नाशकात आले, नवरा अंबडला कंपनीत, त्याच्या शिफ्टा फिरत्या, आणि मी दिवसभर दोन खोल्यांत भिंती बघत बसलेली. आडगाव नाक्याजवळ आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पाटी होती: 'भरतकाम वर्ग. फक्त गडद कापडावर.' असली पाटी मी जन्मात पाहिली नव्हती. दार वाजवलं तर साठीच्या घरातले एक गृहस्थ बाहेर आले. अंगात बंडी, बंडीच्या छातीवर टोचलेली सुई, सुईतून लोंबणारा निळा दोरा. मी म्हटलं, "बाईंना भेटायचं होतं."

"त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मी शिकवतो. नजर चांगली आहे का तुझी?"

मी परत फिरणार होते. परपुरुषाकडे भरतकाम शिकायचं, हे नामपूरला कळलं असतं तर माझ्या आईनं डोक्याला हात लावला असता. पण त्यांच्या मागे भिंतीवर एक चौकट टांगलेली दिसली. काळ्या मांजरपाटावर एक घोडा होता, मागचं अर्धं अंग माशाचं, आणि तो पाण्यातून अशा काही ताकदीनं वर येत होता की मला दारातूनच पाणी दिसलं. नीट बघितलं तर पाण्याचा एकही टाका नव्हता. नुसतं काळं कापड होतं.

"पाणी कुठं भरलंय?" मी विचारलं.

"नाही भरलं. घोड्याच्या पोटाखाली उजेड पडलाय, त्यावरून पाणी कळतं. चप्पल काढून आत ये."

अशी मी त्या घरात शिरले, ती दहा-बारा वर्षं निघालेच नाही.

काकांचा सगळा जन्म ओझरच्या विमानाच्या कारखान्यात गेला होता, ड्रॉइंग सेक्शनला. सकाळी कारखान्याच्या बसनं जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. क्लास काकूंचा. नक्षी मात्र काका काढून द्यायचे, रविवारी, टी-स्क्वेअर आणि सेटस्क्वेअर घेऊन. काकू गेल्या तेव्हा काकांना साधा धावदोरा घालता येत नव्हता. निवृत्तीनंतर त्यांनी काकूंची टाक्यांची वही काढली. तिच्यात प्रत्येक पानावर कापडाचा तुकडा चिकटवलेला होता आणि त्याच्यावर एकेक टाका: साखळी, गहू टाका, काज टाका, काश्मिरी. त्यावरून हा माणूस शाळेतल्या पोरासारखा शिकला. बोटांची चाळण झाली असणार. गल्लीतल्या बायकांनी नावं ठेवली, क्लास ओस पडला, काकांनी पाटी उतरवली नाही. मी गेले तेव्हा आम्ही मोजून पाच जणी होतो.

पांढऱ्या कापडाला ते हातही लावायचे नाहीत. कुणी टेबलक्लॉथवर गुलाब भरायचे म्हणून आलीच, तर मान न वर करता सांगायचे, "पलीकडच्या गल्लीत जा." आणि काळ्यावर गुलाब चालणार नाहीत. जे जगात आहे ते भरायचं कशाला, ते बघायला डोळे आहेत की! जगात नाही ते भरायचं. पण (आणि इथे आमचा जीव जायचा) जे भरायचं ते खोटं वाटता कामा नये. "खोटा प्राणी असला म्हणून खोटं भरायचं नाही," हे त्यांचं दुसरं पालुपद.

माझ्या सशाला मी पंख लावले होते. काकांनी तो ससा पंधरा दिवस अडवून धरला.

"हा उडणार नाही."

"काका, तो कापडावरचा ससा आहे!"

"असू दे. एवढे पंख हलवायचे तर छाती केवढी पाहिजे? तुझ्या सशाच्या छातीत काही नाही. पंख फडफडतील आणि हा जागच्या जागी बसेल."

मग एका सकाळी त्यांनी आम्हा पाचही जणींना गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, नेलं. पुलाच्या कठड्याशी उभं करून वर बोट दाखवलं. घारी फिरत होत्या. तासभर आम्ही माना वर करून उभ्या. येणारे-जाणारे थांबून बघायचे की वर काय आहे, मग आमच्याकडे बघायचे आणि निघून जायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण घरी येऊन मी सशाची छाती रुंद केली, पंखांची मुळं खांद्यापाशी आणली, आणि काय सांगू, ससा कापडावरून उचलला गेला. मला मान्य करायचं नव्हतं, तरी करावं लागलं.

दोरे निवडायचा त्यांचा एक विधी होता. खिशात काळ्या कापडाचा एक फडका कायम असायचा, बाकीचे लोक रुमाल ठेवतात तसा. मेनरोडच्या दोऱ्यांच्या दुकानात गेलो की फडका काउंटरवर पसरायचा आणि एकेक लड त्यावर ठेवून बघायची. पांढऱ्या काचेवर जो निळा सुरेख दिसायचा तो फडक्यावर ठेवला की नाहीसा व्हायचा. "काळ्यावर जांभळा मरतो," काका सांगायचे. "लिंबू रंग ओरडतो. पांढरा तर भिंतीला चुना लावल्यासारखा दिसतो, तिथे मोतिया घ्यायचा." एवढ्यानं भागलं असतं तर ठीक. निवडलेल्या लडी आणि फडका घेऊन ते दुकानाबाहेर फूटपाथवर जायचे, उन्हात उकिडवे बसायचे आणि सगळं पुन्हा मांडायचे. दुकानदार कपाळाला हात लावायचा. एकदा वैतागून म्हणाला, "काका, दुकानात एवढे लाइट लावलेत ते काय आरतीला?"

"तुझे लाइट दलाल आहेत," काका बसल्या जागेवरून म्हणाले. "रंग उन्हात खरा."

हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. त्यापायी क्लासचा नियमही होता: पाच वाजले की सुया बंद. खोलीत ऊन येत नव्हतं, म्हणून काकांनी छताला दोन ट्यूबलाइट लावून घेतल्या होत्या, लख्ख पांढऱ्या, उन्हाच्या जवळात जवळ. आतल्या दारावर जुन्या बल्बचं होल्डर मात्र रिकामं राहिलं होतं. काकू गेल्यावर पंधरा दिवसांत पहिलं काम काय केलं असेल, तर तो पिवळा बल्ब काढून टाकला. "त्या बल्बनं तिचे डोळे खाल्ले," असं म्हणायचे आणि विषय बदलायचे.

टाक्यांवरही त्यांची मतं ठाम. दोरा कुठल्या अंगावर झोपलाय त्यावर त्याचा रंग ठरतो, म्हणायचे. भरीव टाका उजेडाच्या बाजूला, कारण तो चकाकतो. गाठीचा टाका सावलीकडे, कारण तो उजेड गिळतो. एकच दोरा उभा भरा आणि आडवा भरा, दोन रंग दिसतात, आणि हे ते आम्हाला कापड फिरवून फिरवून दाखवायचे. एका टाक्याचा मात्र त्यांना तिटकारा होता. दोरा कापडात ओवायचाच नाही, नुसता वर आडवा अंथरायचा आणि दुसऱ्या बारीक दोऱ्यानं जागोजागी धरून ठेवायचा. बाकी जगात त्याला काहीही म्हणोत, आमच्याकडे त्याचं नाव 'आळशाचा टाका'. "जो दोरा कापडाच्या आत गेला नाही त्यानं काय भरलं?" माझ्या एका मैत्रिणीनं नदी भरायला तो वापरला तर काका दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

आणि उसवलेला दोरा फेकायचा नाही. कपाटात बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात टाकायचा. "तो चुकला, मेला नाही," म्हणायचे. काकूंच्या फोटोपुढे एक लहानसा पितळी करंडा असायचा. त्यात कुंकू असेल असं मी धरून चालले होते.

आता साडीचं सांगते, कारण त्या घरात सगळं फिरून फिरून साडीपाशीच यायचं.

खोलीच्या कोपऱ्यात खाटेएवढी लाकडी चौकट होती, तिच्यावर जुनं धोतर झाकलेलं. खाली ताणून लावलेला काळ्या रेशमी साडीचा पदर. काका-काकूंना एकच लेक. तिचं लग्न झालं, पहिली संक्रांत आली, आणि पहिल्या संक्रांतीला लेकीला काळी साडी द्यायची म्हणून काकूंनी ती भरायला घेतली होती. नक्षी काकांची: पदरभर एक पक्षी, मान मोराची, पंख घारीचे, शेपटाच्या जागी मासा. वरच्या डाव्या कोपऱ्यात चंद्र, कारण काकांच्या अंधारात उजेड नेहमी कुठूनतरी यायलाच हवा. काकूंनी नक्षी घेतली आणि म्हणाल्या, "तुमचा चंद्र तुमच्याजवळ ठेवा. मी माझं बघते." हे काका आम्हाला हसून सांगायचे. साडी पुरी होईपर्यंत बघायची नाही, असं काकूंनी बजावलं होतं. दिवसभर क्लास, मग स्वयंपाक, मग भांडी, आणि मग त्या बल्बखाली बसून त्या भरायच्या. काका खोलीत आले की धोतर टाकायच्या. संक्रांतीला महिना राहिला असताना साखरेच्या दुखण्यानं त्या गेल्या.

पसरलेल्या पंखाला पाच पिसं होती. चार झाली होती. पाचवं राहिलं, असं काकांनी आम्हाला सांगितलं होतं.

चार पिसं मी पाहिली आहेत, त्यामुळे सांगते, तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही. मोरपिशी, गडद हिरवा, नीळ, राखाडी, एकातून एक निघालेले. पाचव्या पिसाच्या जागी मात्र नुसती भोकं. काकांनी तिथे चंदेरी निळा भरून पाहिला, उसवला. फिका हिरवा भरला, उसवला. दर वर्षी दिवाळीनंतर धोतर निघायचं, दर वर्षी एक रंग भरला जायचा आणि उसवला जायचा. नवी बाई क्लासला आली की काका तिच्यापुढे चाळीस लडी मांडायचे आणि विचारायचे, या चार पिसांनंतर पाचवं कुठलं? मलाही विचारलं होतं. मी पिवळा उचलला. "ओरडतोय," म्हणाले. आम्हाला वाटायचं ही प्रवेशपरीक्षा आहे. खरं तर तो म्हातारा दारोदार विचारत फिरावं तसा, दारात येईल तिला विचारत होता.

लेक दर संक्रांतीला यायची. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, शांत स्वभावाची. म्हणायची, "बाबा, आहे तशी द्या ना. आईच्या हातची आहे, मला पुष्कळ आहे." काका धोतर नीट करत म्हणायचे, "चार पिसांवर तोल कसा राहील? पुढच्या संक्रांतीला नक्की." ती माझ्याकडे बघायची आणि मी दुसरीकडे. अशा किती संक्रांती गेल्या.

मध्ये माझं आणि काकांचं कडाक्याचं भांडण झालं. मी पाणी प्यायला आत गेले होते, आणि येऊन बघते तर काका माझी रिंग मांडीवर घेऊन माझ्या सशाचा कान उसवत बसलेले. कान वाऱ्याच्या उलट दिशेला गेला होता म्हणे. माझं डोकंच फिरलं. मी चिडले की माझ्या तोंडात गावाकडची बोली येते. "हाई काय शे?" म्हणून मी ओरडले ती गल्लीत ऐकू गेली असेल. "मी भरलेलं, माझ्या हातचं! मला विचारलं का? चूक असेल तर माझी चूक आहे ती! दुसऱ्याचा टाका उसवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?"

मला वाटलं ते उलटून बोलतील. काकांचा चेहरा पांढरा फटक पडला. रिंग खाली ठेवली, कात्री ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसले. "नाही दिला," एवढंच म्हणाले. "खरं आहे. एकदा उसवलं तेवढं पुरे होतं."

मला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. मी पिशवी उचलली आणि निघून आले, तीन आठवडे गेले नाही. मग एका दुपारी काकाच आमच्या दारात. हातात रिंग, सशाचा कान होता तसा अर्धवट. "मी हात लावला नाही," म्हणाले. "तू ठरव." नवऱ्यानं त्यांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी मी क्लासला गेले आणि कान होता तसाच उलटा भरला. माझा ससा आहे, मी बघीन!

आता त्या वर्षाचं. लोडशेडिंग जोरात होतं. आमच्या भागात संध्याकाळी साडेपाचला लाइट जायची ती आठला यायची. संक्रांतीला तीन दिवस होते आणि लेकीचा फोन आला होता. शांत बाई, पण या वेळी शांत नव्हती. "बाबा, मी पस्तिशीची झाले. यंदा मी साडी न्यायला येतेय. पीस असो नसो, मी चौकटीवरून काढून नेणार." काका सकाळीच माझ्या घरी आले. म्हणाले, "चंदेरी निळाच घेऊ. नक्षीत चंद्र डावीकडे आहे, हिशेबानं तोच रंग येतो. पण भरणार तू. माझ्या बोटांना आता थरथर आहे, आणि कापड आणखी एक उसवणं सोसणार नाही. एकदाच. चुकलं तर पदर फाटेल."

क्लासात माझा हात सगळ्यात सफाईचा, हे मी सांगायला नको. पण त्या दिवशी दुपारभर मी चौकटीपुढे बसून होते आणि सुई कापडात घालवत नव्हती. भोकांची नुसती जाळी झालेली. साडेचार झाले, पाच झाले. काकांनी पहिल्यांदाच नियम मोडला, "बस आणखी थोडा वेळ." साडेपाचला दोन्ही ट्यूब गेल्या. जानेवारीतला दिवस, खोली एकदम अंधारली. काका आतून कंदील घेऊन आले आणि चौकटीच्या कडेला ठेवला.

मी दोरा गुंडाळायला खाली वाकले आणि थांबले. चार पिसं दिसेनात. म्हणजे होती, पण निळं-हिरवं सगळं मागे गेलं होतं, दिवेलागणीला आकाश जातं तसं. आणि पाचव्या पिसाच्या देठाशी, भोकांच्या मुळाशी, काहीतरी लालभडक होतं. मला वाटलं कंदिलाची ठिणगी उडाली. हातानं झटकायला गेले तर ते दोन टाके होते. इतकी वर्षं मी तो पदर बघत होते आणि ते दोन टाके मला धाग्याची मातकट घाण वाटत आले होते.

"काका, हे दोन टाके कुणाचे?"

मी वर बघितलं. काकाही तिथेच बघत होते.

"तिचे," म्हणाले.

"मग बाकीचे?"

"मी उसवले."

मग एकेक वाक्य करत सांगितलं. पाचवं पीस राहिलं नव्हतं. काकूंनी ते जवळजवळ पुरं केलं होतं. त्या गेल्यावर काकांनी धोतर काढलं, वर नव्या ट्यूबलाइट, आणि बघतात तर निळ्या-हिरव्याच्या शेजारी हे विटकरी, मातीसारखं, मेलेलं. अंगणात उन्हात नेऊन बघितलं, तिथे तर आणखी वाईट. त्यांना वाटलं, शेवटी शेवटी तिला नीट दिसत नव्हतं, साखरेनं डोळे गेले होते, चुकीची लड उचलली बिचारीनं. लेकीनं आईची चूक अंगावर घेऊन मिरवायची का? म्हणून त्यांनी सगळं पीस उसवलं. देठाचे दोन टाके निघेनात, ते राहिले. "तिची लाज राखली, असं वाटलं मला," म्हणाले.

ते उठले आणि फोटोपुढचा करंडा घेऊन आले. त्यात कुंकू नव्हतं. बोट-बोटभर दोऱ्याचे तुकडे होते, टाक्यांची वळणं अजून तशीच असलेले. काकांनी ते तळहातावर घेऊन कंदिलापाशी नेले. त्यांच्या हातात निखारे ठेवल्यासारखं दिसलं.

मला सगळं कळलं. हा माणूस आम्हाला दहा वर्षं छळत आला त्या प्रश्नानं, आणि बायको कुठल्या दिव्याखाली बसून भरते हे त्यानं कधी हिशेबातच धरलं नव्हतं. ती साडी उन्हात नेसायची नव्हतीच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, संध्याकाळी, दिव्यात नेसायची होती. मला त्यांचा भयंकर राग आला. काकूंना मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या बाजूनं मला रडू यायला लागलं.

काकांनी कंदील उचलला. नक्षीतला चंद्र जिथे होता तिथे, डाव्या कोपऱ्यात धरून बघितला. मग उजवीकडे. मग खाली. कुठूनही धरला तरी पक्ष्याची मान, छाती, बाकीची पिसं, सगळं त्या दोन टाक्यांकडे तोंड करून होतं. मोराच्या मानेचा भरीव टाका तिकडेच वळलेला, सावलीच्या गाठी बरोब्बर उलट्या बाजूला. काकांनी कंदील ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "उजेड कुठून येतोय?"

या वेळी ते माझी परीक्षा घेत नव्हते. त्यांना खरंच विचारायचं होतं.

"पिसातून," मी म्हटलं. "पाचव्या पिसातून येतोय, काका. काकूंनी चंद्र घेतलाच नाही."

त्यांनी त्या दोन टाक्यांवर बोट ठेवलं. "तिला दिसत होतं," म्हणाले.

"चांगलं दिसत होतं."

मी डोळे पुसले, सुई उचलली आणि म्हटलं, उद्या मेनरोडला जाऊन विटकरी लड आणते, दोन दिवसांत पीस भरून देते. काकांनी मान हलवली. "नवा नको. हाच."

"अहो, बोटभर तुकडे आहेत. सुईत ओवले तर एक टाकासुद्धा पुरा होणार नाही. आणि कापड सोसायचं नाही, तुम्हीच म्हणालात."

"ओवायचे नाहीत," काका म्हणाले. "वर अंथरायचे. काळ्या दोऱ्यानं धरून ठेवायचे."

आळशाचा टाका. माझ्या ओठांवर शब्द आला होता, मी गिळला.

मी सरकून जागा केली, मला वाटलं मी भरायचं आहे. त्यांनी माझ्या हातातून सुई काढून घेतली. "मी उसवलं, मीच लावतो. तू दिवा धर."

ती साडी लेकीनं त्या संक्रांतीला नेसली. तुकडे थोडे कमी पडले, तेवढं पिसाचं टोक काळंच ठेवलं. काका म्हणाले, टोक तसंही अंधारातच जातं. हळदीकुंकवाला तिच्या घरी समया लावल्या होत्या, दुसरा दिवा नाही. आलेल्या बायका वाणात मिळालेल्या वस्तू हातात घेऊन नुसत्या तिच्या पदराकडे बघत राहिल्या, असं तिनं मला फोनवर सांगितलं, आणि मग ती जी रडायला लागली ती थांबेना. दोन वर्षांनी काका गेले. पाटी मी उतरवली नाही. नव्या बाईला मी रंग निवडायला सांगते तेव्हा आधी विचारते, ही नेसणार कधी, कुठल्या दिव्यात?

पण काका म्हटलं की मला ती संध्याकाळच दिसते. मी कंदील धरून बसले होते. काकांची बोटं थरथरत होती. एक तुकडा अंथरायचा, बोटानं दाबून धरायचा, त्यावरून केसासारखा काळा दोरा घ्यायचा, जुनी भोकं शोधून त्यातूनच सुई काढायची, नवं एकही भोक पाडायचं नाही. एका तुकड्याला दहा मिनिटं. माझा हात भरून आला, मी हलले नाही. मध्येच ते तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते, मला वाटतं तिच्याशी बोलत होते. निम्मं पीस झालं होतं. गल्लीतली पोरं ओरडली, "आली, आली!" आणि डोक्यावरच्या दोन्ही ट्यूब लुकलुकून लागल्या. लख्ख उजेड पडला. काकांच्या बोटाखालचं पीस क्षणात मातीचं झालं.

त्यांनी मान वर केली नाही. सुई होती तिथेच धरून ठेवली.

"बंद कर ती," म्हणाले.

मी उठले, बटण बंद केलं, आणि पुन्हा येऊन दिवा धरला.